टायरचे तुकडे

ही गोष्ट मी वर्षानुवर्षं टाळली. भिवंडीतल्या डाइंगच्या नोकरीबद्दल कोणी विचारलं की मी तिथल्या रंगाच्या वासाला नावं ठेवायचो. खरी किळस मला माझी येते.

ओल्या कापडातलं पाणी काढायचं आमचं मशीन म्हणजे हायड्रो. भोकाभोकांचं मोठं पिंप गरगर फिरतं आणि पाणी बाहेर फेकलं जातं. त्या पिंपाला चीर गेली, मी पट्टी वेल्डिंग केली. एका बाजूचं वजन वाढलं. पिंप बाहेर नेऊन त्याचा तोल साधून आणायला हवा होता. पण सणाची घाई होती. हायड्रो स्प्रिंगांवर झुलतं ठेवतात, धक्के तिथेच जिरावेत म्हणून. मी जुन्या टायरचे तुकडे कापून त्या स्प्रिंगांत ठोकून बसवले. झुलणं बंद! शेठने पाठ थोपटली. थरथर दिसत नाही म्हणजे ती गेली, असं मानणारा मी मिस्त्री.

हायड्रो चालवणारा गडी जवळच्या दिघाशी गावचा. झाकणावर हात ठेवून म्हणाला, "मिस्त्री, ही हालत न्हाय, पन आतून कन्हते. हाताला मुंग्या येतात."

"तू कापड सारखं भर. मशीन काय बाळंतीण आहे कण्हायला?"

सगळे हसले. तोही हसला.

त्याच आठवड्यात न जिरलेले धक्के खाऊन बेअरिंग फुटलं, झाकण उडालं आणि त्याचा हात कोपरापासून चिरडला. त्याला रिक्षात घालून नेलं. मी मात्र पाना घेऊन खाली वाकलो. रंगाच्या आणि रक्ताच्या पाण्यात बसून ते तुकडे उपसले, मागच्या नाल्यात फेकले. शेठला सांगितलं, "त्यानं कापड एकाच बाजूला भरलं." शेठने त्याला कामावरून काढलं आणि दुरुस्त मशीनपुढे नारळ फोडला. त्यातलं खोबरं मीही खाल्लं. थू!

परवा दिघाशीला गेलो, सांगायचंच ठरवून. तो ओट्यावर बसला होता, शर्टाची एक बाही दुमडून पिन लावलेली.

"या मिस्त्री, च्या घ्या." मग म्हणाला, "एक इचारू? त्या दिशी माझंच भरनं चुकलं व्हतं ना? घरातली पन तेच म्हनतात."

तुझं भरणं बरोबर होतं, मला माफ कर. एवढंच म्हणायचं होतं. हातातली कपबशी खडखडू लागली. ती मी दुसऱ्या हाताने दाबून धरली आणि म्हणालो, "चहा छान झालाय."