लाल ठिपक्याचे अकरा शब्द

भोसरीच्या एका कारखान्यात तीस वर्षे मी सुटे भाग तपासले. मापाबाहेरच्या भागावर लाल ठिपका देणे, हे माझे काम. मानसशास्त्राशी संबंध आला तो सुनेमुळे. ती पीएच.डी. करते.

तिच्या प्रयोगात पडद्यावर एक शब्द क्षणभर चमके, पाठोपाठ दुसरा येई. दुसरा खरा की बनावट, ते कळ दाबून सांगायचे. आधीचा शब्द त्याच्या नात्यातला असेल तर कळ लवकर दाबली जाते, असा तिचा कयास. म्हणून तोच दुसरा शब्द निम्म्यांना नात्यातल्या शब्दानंतर दिसे, निम्म्यांना परक्या शब्दानंतर. चाळीस जोड्यांपैकी बारा मी सुचवलेल्या होत्या. कळ दाबायला आमच्या गल्लीतले तरुण कामगार गुरुवारच्या सुट्टीत येत.

एका गुरुवारी सकाळी ती हताश बसलेली दिसली.

"बाबा, सरासरीत फरक जेमतेमच, सिद्ध काहीच होत नाही. सोमवारी गाइड मॅडमना काय दाखवू? वर्ष फुकट गेलं."

"सरासरी बाजूला ठेव. आमच्या साच्याला आठ घरं असत, एका वेळी आठ भाग निघत. एक बिघडलं तरी सरासरी ठीक यायची आणि माल गिऱ्हाइकाकडून परत. घरागणिक बघ."

"म्हणजे शब्दागणिक?"

"वाच. मी मांडतो."

ती आकडे वाचू लागली, मी आलेख कागदावर खुणा करू लागलो. हातोडी–खिळा: फरक स्पष्ट. डबा–जेवण: स्पष्ट. हेल्मेट–डोके: सर्वांत मोठा. मग कंदील–काजळी: शून्य. स्टोव्ह–पिन: शून्य. टांगा–चाबूक: उलटाच. मी लाल पेन घेतले. चहा निवला. ठिपके अकरा झाले. अकराही जोड्या माझ्या.

सून टाळ्या पिटत हसली. "बाबा, खराब घर सापडलं. तुमचंच! या पोरांनी कंदील नि टांगा पाहिलाय कुठे?"

मीही हसलो. तेवढ्यात तिने संगणकातल्या त्या जोड्यांच्या ओळी पुसायला घेतल्या. "हे अकरा काढले की निकाल लख्ख दिसतो."

"हात काढ. माप घेतल्यावर खराब माल बाजूला सारून लॉट पास करायचा नाही."

"मग सोमवारी?"

"ठिपक्यांसकट दाखव. मग नवे शब्द, नवी माणसं, नवं माप."

सोमवारी तिने तोच कागद नेला. दुपारी तिचा फोन आला, आवाज आनंदाने चढलेला. "बाबा, मॅडमनी सगळ्यांना बोलावून कागद दाखवला! दुसरी फेरी मंजूर. पण या वेळी शब्द तुम्ही द्यायचे नाहीत."

मी वही घेऊन चहाच्या टपरीवर गेलो. दुसऱ्या गल्लीतले कामगार उभे होते. हे शब्द देणार, कळ दाबणार नाहीत.

"लिहा काका, पंचिंग–अंगठा. हजेरीचं मशीन."

"कॅन्टीन–कूपन."

"ओव्हरटाइम–बायको!" एक जण म्हणाला.

"भावा, घरी सांगू का?" दुसऱ्याने विचारले. हशा झाला.

ती जोडी खोडण्यासाठी मी पेन टेकवले आणि उचलले. त्या जोडीचे माप अजून घेतलेले नव्हते.