रंजनबेनचा पडदा मी नेसलो तेव्हा

मी सुकलाल. सुरतेत उधन्याला आधी कापडाचा लूम चालवायचो, नंतर लोकांच्या घरचे पडदे शिवून लावायला लागलो. धंदा फॅशनचा, म्हणून मी स्वतःला फार मोठा जाणकार समजायचो. गिऱ्हाइकाच्या खिडकीसमोर कमरेवर हात ठेवून "उजेड कुठून येतो?" असं विचारायचो, जणू खिडकी सोडून तो दुसरीकडूनही येत असावा.

चौऱ्याण्णव साली रंजनबेन नावाच्या बाईंनी मोरपंखी साटीनचे पडदे शिवायला दिले. वर पितळी कड्या, खाली झालर. पडदे शिवून झाले आणि शहरात प्लेगची बातमी पसरली. बायको सरला मुलांना घेऊन दारात उभी राहिली. "कपड्यांचं गाठोडं तेवढं घ्या," म्हणाली. मी एवढा धीराचा, की गाठोडं उचलून तिच्याही पुढे स्टेशनकडे पळालो.

धरणगावला आईच्या घरी गाठोडं सोडलं, तर आत रंजनबेनचे पडदे. आमचे कपडे उधन्यातच.

सरलाला आईची लुगडी झाली, मुलांना पुतण्यांचे सदरे. भावाचं मला काहीच होईना. सुरतेहून आलेलो, त्यामुळे गावात कुणी जवळ येईना, मग उसनं कोण देणार? अंगावरची पँट धुवायला टाकली आणि एक पडदा नेसलो.

आई बघतच राहिली. "हाई काय नेसेल शे रे, सुका?"

"साटीन आहे," मी म्हणालो.

साटीन कमरेवर टिकत नाही, हे इतकी वर्षं ते शिवूनही मला माहीत नव्हतं. एका हातानं पडदा धरून अंगणात फिरायचो, तेव्हा कड्या वाजायच्या. शेजारीपाजारी लांबूनच हसायचे.

सुरत निवळल्यावर पडदे धुऊन, इस्त्री करून रंजनबेनकडे गेलो. वाटेत एक थाप पाठ केली होती. त्यांनी दार उघडलं आणि मी सगळं खरंच सांगून टाकलं.

त्या म्हणाल्या, "आम्ही भावनगरला पळालो. आमच्या घरच्या शेठनी दागिन्यांचा समजून मुखवासाचा डबा नेला." मग त्यांनी विचारलं, "नेसलेला कुठला?"

मी दाखवला.

"तो तुम्हीच ठेवा, भाई. बाकीचे लावा."

त्या खिडकीला नवा शिवून दिला. रंजनबेननी ही गोष्ट सगळ्या सोसायटीला सांगितली, आणि तिथून मला भरपूर कामं मिळाली. फक्त तिथल्या बायका पडदा हातात घेतल्यावर रंग बघत नाहीत, झालर बघत नाहीत. आधी विचारतात, "सुकलालभाई, कोरा आहे ना?"