वास हाच पुरावा

पांढरकवड्याहून आत असलेल्या आमच्या गावात दिवेलागणीला बायका पाणपोईजवळ उभ्या राहायच्या आणि घरी परतणाऱ्या प्रत्येक पुरुषाच्या तोंडाचा वास घ्यायच्या. दारूचा वास आला की तिथेच चपला. दारूबंदी समितीची प्रमुख माझी आई. पत्रक माझं. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकंच जास्त असायची, मी वाचायला शिकले तीही पत्रकांवरच. उद्गारचिन्ह आलं की गोष्ट खरी झाली, असं मला वाटायचं. मी लिहिलं होतं : ‘वास हाच पुरावा! सबब चालणार नाही! नातं पाहिलं जाणार नाही!’ बसथांब्याच्या भिंतीवर ते मीच चिकटवलं.

मला त्याची लाज नव्हती. दारूपायी हात मोडलेल्या, कपाळ फुटलेल्या बायका मी आमच्याच गल्लीत पाहिल्या होत्या. चपलेचा आवाज मला न्यायाचा आवाज वाटायचा.

एका संध्याकाळी शेजारचे काका आले. ट्रक चालवणं सोडलेले, अलीकडे फार वाळलेले. आईनं वास घेतला आणि मान फिरवली.

“मी नाही पेलो, बाई. मले शुगर हाय. तोंड कोरडं पडते, त्याचा वास येते.”

“वा! आता शुगरचीबी भट्टी लागली का गावात?” एकीनं टोमणा मारला. सगळ्या हसल्या.

पहिली चप्पल आईची, दुसरी माझी. काकांची कॉलर माझ्या मुठीत होती. ओठ फाटला, पुढचा दात हलून आडवा झाला. रक्त थुंकायला ते वाकले, पण त्यांना थुंकताच येईना. रक्ताची जाड तार ओठाला लोंबत राहिली, ती त्यांनी बोटानं ओढून काढली. मी ते पाहिलं. तरी आणखी एक मारली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आईची झोप उडाली. छाती धडधडायची. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि तिचं तोंड कोरडं पडायला लागलं. पाण्याच्या घोटाशिवाय भाकर उतरेना. दाढा किडल्या, तोंडाला वास यायला लागला. मी कूस बदलून झोपायचे.

पाणपोईजवळ एक दिवस काकांची बायको पुढे आली. “आज आधी तुमचं तोंड, बाई.”

“मी पेतो का वं?” आई हसली.

“नातं पाहत नाही म्हणते पत्रक. तुमच्याच पोरीनं लिवलं.”

आईनं तोंड उघडलं. काकूंनी वास घेतला. मग दुसरीनं घेतला आणि नाकाला पदर लावला.

“गोळ्या चालू हायेत. तोंड कोरडं पडते...”

“माह्या माणसानंही हेच म्हटलं होतं,” काकू म्हणाल्या आणि चप्पल आईच्या तोंडावर बसली. मी काकूंचे केस धरले, त्यांनी कोपरानं माझं नाक फोडलं. चौघींनी आम्हाला वेगळं केलं. आईनं हात वर केला नाही.

दुसऱ्या दिवशी आईला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिच्या गालाच्या आतून बोट फिरवलं. ते कोरडंच निघालं.

“लाळच नाही यांना,” ते म्हणाले. “लाळ दिवसभर तोंड धूत असते, अन्नाचे कण वाहून नेते, दातांवरचं आम्ल मारते. ती आटली की जंतू माजतात, दात किडतात, वास येतो. या गोळ्यांनी होतं, शुगरनंही होतं. हे तुम्हाला आधी कुणी सांगितलं नाही?”

“सांगतलं होतं,” आई म्हणाली. “एका माणसानं.”

परत येताना ती घरी न जाता काकांच्या दारात थांबली. मीही मागे उभी राहिले.

“भाऊ, चुकलं आमचं.”

काका हसले, तेव्हा पुढच्या दाताची जागा रिकामी दिसली. “चुकलं म्हटल्यानं दात उगवते का, बाई?” आत जाऊन त्यांनी वाळलेल्या आवळ्याचे दोन तुकडे आणले आणि आईच्या हातावर ठेवले. “चघळा. थोडं पाणी सुटते तोंडाले. माफ नाही केलं, हे ध्यानात ठेवजा.”

मी तिथून बसथांब्यावर गेले आणि नखांनी पत्रक खरवडायला लागले.

“काहून ताई, दारू चालू केली का?” पानठेल्यावरून कुणी तरी ओरडलं.

“नाही. मारणं बंद.”

खळ मीच घट्ट शिजवली होती. दोन नखं मुळापासून तुटली, तरी अर्धा कागद भिंतीलाच राहिला.