सतराव्या दिवशी थांबणारी लिफ्ट

परतरावांना खरं नाव होतं, पण ऑफिसात ते कुणाला आठवत नसे. "घेतलं ते परत केलं का?" हा एकच प्रश्न त्यांनी वीस वर्षं लावून धरला होता, कर्नललाही आणि माणसांनाही. कर्नल म्हणजे संगणकाच्या पोटातला मुख्य कारभारी. त्याच्या हाताखालची मॉड्यूल, म्हणजे एकेका कामाचे छोटे प्रोग्राम, कामापुरती मेमरी मागून घेतात, आणि काही आळशी मॉड्यूल ती परत द्यायला विसरतात. ही गळती शोधून बुजवणं हा परतरावांचा पेशा. शेजारच्या टेबलावर गेलेला स्टेपलरही ते संध्याकाळच्या आत वसूल करत.

ते राहत त्याच इमारतीची लिफ्ट मात्र दर सतराव्या दिवशी सकाळी अकराला, मेमरी संपून, तळमजल्यावर ठप्प होई. ती पुन्हा सुरू करायला एक लाल बटण होतं, आणि ते दाबायला रीतसर नेमलेले परतरावांचे सासरे. सासूबाई गेल्यावर ते वर्षभर भिंतीकडे तोंड करून बसले होते. या बटणाने त्यांना उठवलं. सतराव्या दिवशी इस्त्रीचा शर्ट, बुटांना पॉलिश, आणि बारा मजल्यांची माणसं खाली जमलेली. "मागे सरका," असं दरडावून ते बटण दाबत, लोक टाळ्या पिटत. मधले सोळा दिवस तयारीत जात.

अशात एका सोमवारी याच लिफ्टच्या दाराचं मॉड्यूल दुरुस्तीसाठी परतरावांच्या टेबलावर आलं. दारात कुणाची पिशवी अडकली, की ते मेमरी घेई, गोंधळून मागच्या वाटेने सटके, आणि घेतलेलं तसंच राही. दुरुस्ती एका ओळीची. सासरे डोळ्यांपुढे आले, पण हात कुठले ऐकतात! ओळ लिहून झाली. ऑफिसात प्रत्येक ओळ तपासणाऱ्या मॅडम त्याच इमारतीत राहत; त्यांनी ती चारदा फालतू कारणांनी परत पाठवली आणि पाचव्यांदा मंजूर केली.

सतरावा दिवस उजाडला. सगळे सवयीने खाली जमले, तेही लिफ्टनेच. अकरा वाजले. लिफ्ट आपली वर-खाली करतच होती. सासरे बटणावर बोट ठेवून सव्वाबारापर्यंत उभे.

"बिघडली वाटतं," गर्दीत कुणीतरी हळहळलं.

"जावईबापू, हिला काय झालं हो?"

"बरी झाली, बाबा," परतराव पुटपुटले. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी सासऱ्यांनी खुर्ची पुन्हा भिंतीकडे वळवली. जेवायलाही उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी परतरावांनी आयुष्यात पहिल्यांदा घेऊन परत न देणारी ओळ लिहिली. लिहिताना दरदरून घाम फुटला. वर त्यांनी टीप जोडली, "ही चूक मुद्दाम आहे. कृपया काढू नये. माझे सासरे आहेत."

जेवणाच्या सुट्टीआधी मॅडमचा शेरा आला.

"या वेगाने मेमरी संपायला अठरावा दिवस उजाडेल. थोडी जास्त घ्या."

परतरावांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि थोडी जास्त घेतली.