मी केलेला कच्चा लिंबू

माझ्या मुलीची जीभ क आणि ख वर अडते. नऊ वर्षांची आहे, डोकं तल्लख, पण ही दोन अक्षरं आली की गाडी तिथेच. आणि आमच्या बोरिवलीच्या सोसायटीने उन्हाळी शिबिराच्या शेवटच्या दिवशी सामना कशाचा ठेवावा? खो-खोचा. म्हटलं, वाट लागली.

सरावात पहिल्याच दिवशी व्हायचं तेच झालं. तिने बसलेल्या मुलीच्या पाठीवर थाप मारली, पण ‘खो’ काही केल्या बाहेर येईना. ती मुलगी न थांबता उठून पळाली, फाउल झाला आणि दोन-तीन पोरं हसली. घरी आल्यावर माझी पोरगी जेवेपर्यंत एक शब्द बोलली नाही. माझं डोकंच फिरलं. तिच्या नकळत मी तडक शिबिराच्या सरांकडे गेले.

“तिला कच्चा लिंबू करा,” म्हटलं. म्हणजे खेळात असायचं, पण धरायचं नाही. आऊट होणं नाही, कोणाला आऊट करणं नाही आणि मुख्य म्हणजे खो देणं नाही.

“तिला विचारलंत?” सर म्हणाले.

“आई मी आहे ना तिची?”

सरांनी दोन्ही संघांना सांगितलं. तिला तेवढं सांगितलं नाही, तेही माझंच म्हणणं.

सामन्याच्या दिवशी ती ओळीत बसली, तळवे जमिनीवर टेकून, एकदम तयारीत. खो तिला वगळून इकडे जायचा, तिकडे जायचा. मी पायरीवर निवांत कोकम सरबत घेऊन बसले होते. ती मात्र दर वेळी मान वळवून बघायची, आता येईल म्हणून. ते बघून मी सरबत बाजूला ठेवलं. काय करून बसले होते मी!

शेवटच्या मिनिटाला तिच्या संघाला बरोबरीसाठी एकच गुण हवा होता. घाईत त्यांची कप्तान विसरली आणि माझ्या मुलीच्या पाठीवर थाप पडली, “खो!” ती सुटली. पुढे पळणारी मुलगी ओळीतून पलीकडे निसटली. आता पलीकडे तोंड करून बसलेलीला खो देण्यावाचून इलाज नव्हता. तिने हात ठेवला.

“ख... ख...”

बसलेली मुलगी तीच, सरावात आधीच पळालेली. या वेळी ती जागच्या जागी चुळबुळली, पण उठली नाही.

“खो.”

ती उठली आणि चार ढांगांत पळणारीला शिवली.

“कच्चा लिंबू आहे ती, धरायचं नाही,” समोरचा संघ म्हणाला. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच.

मुलगी कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर आली. “आई, मला क... क... कच्चा लिंबू तू केलंस?” सगळ्यांदेखत. मी हो म्हटलं. गुण गेला, तिचा संघ एका गुणाने हरला.

घरापर्यंत तिने माझी सालटी काढली. दर तिसऱ्या शब्दाला अडत होती, पण थांबत नव्हती. वॉचमन बघत होता, लिफ्टमधल्या काकू बघत होत्या, तिला ढिम्म फरक पडत नव्हता. खरं सांगते, बोलणी खाताना इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. पोरगी कायमची गप्प होईल ही माझी भीती, आणि पोरगी गप्प बसायचं नाव घेत नव्हती.

दारात चप्पल काढता काढता म्हणाली, “पुढच्या वर्षी सरांना क... काही सांगायचं असेल तर मी सांगेन. तू खाली येऊ नकोस.”

“बरं बाई,” म्हटलं.