केशरासाठी सूक वाकिफ, कुसकुससाठी मोदकपात्र

बोलण्याआधी मनात दहापर्यंत आकडे मोजावेत, असं माझी आई सांगायची. मी आजवर दोनाच्या पुढे गेलेली नाही. त्यामुळेच फेब्रुवारीतल्या एका बुधवारी, शेजारच्या व्हिलाच्या दारात खोक्यांच्या ढिगाऱ्यात उभी राहून मी बोलून गेले, "शुक्रवारी सगळे आमच्याकडे जेवायला या. कुसकुस मी करते."

आधी ओळख करून देते. आम्ही दोहाला लागून असलेल्या अल गराफात राहतो. नवरा प्रसाद गॅस कंपनीत इंजिनियर, लेक इरा दहा वर्षांची, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी. नाशिकहून दोन महिन्यांसाठी आलेले माझे सासरे, आप्पा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, पण जगाला सूचना देण्यातून नाही. आणि शेजारी नैमा, मोरोक्कोतल्या मेकनेसची.

गेली चार वर्षं दर शुक्रवारी दुपारी नैमाकडून एक भलंमोठं निळं ताट यायचं. त्यात कुसकुस, म्हणजे रव्यापासून वळलेले वाफवलेले मोकळे दाणे, वर सात भाज्या आणि केशराचा रस्सा. आम्ही मांसाहार करत नाही म्हणून ती आमच्यासाठी वेगळं पातेलं लावायची. आणि कुणाचं ताट रिकामं परत करायचं नाही, हे आपल्याला कुणी मुद्दाम शिकवावं लागत नाही. त्या ताटातून पुरणपोळ्या गेल्या, अळूवड्या गेल्या, एकदा घाईत नुसती केळीही गेली. नैमाच्या घरची रीतही तीच, त्यामुळे ताटाला चार वर्षांत सुट्टी म्हणून मिळाली नव्हती.

आता तिच्या नवऱ्याचं इथलं कॉन्ट्रॅक्ट संपलं होतं. रविवारी ते कायमचे परत चालले होते. स्वयंपाकघर खोक्यांत भरून कार्गोने पुढे गेलंही होतं. आवराआवरीला मेकनेसहून नैमाची आई आली होती, लल्ला ज़ोहरा. लल्ला म्हणजे आपण आदराने 'बाई' लावतो तसं. नैमा म्हणाली (आम्ही दोघी इंग्रजीत बोलतो, इथे मराठी करून लिहितेय), "आईचा कुसकुसशिवाय एकही शुक्रवार गेलेला नाही. या वेळी जाणार. भांडंच नाही."

तिचा आवाज जरा हलला आणि मी ते वाक्य बोलून गेले. मी आयुष्यात कधीही कुसकुस केलं नव्हतं. पण शेवटी रवाच ना? रव्याला मी काय घाबरते, मी नाशिकची आहे.

गुरुवार: केशराच्या शोधात

मला सुट्टी होती. आप्पांना बरोबर घेतलं, कारण त्यांना घरी ठेवलं की ते एसीचं तापमान वाढवतात. गाडी काढायची नाही, मेट्रोनेच जायचं असा त्यांचा हट्ट. तुम्हीही तेच करा. मेट्रोलिंकची फुकट बस ग्रीन लाइनच्या स्टेशनापर्यंत सोडते, मशैरबला गाडी बदलायची, गोल्ड लाइनचं एकच स्टेशन की सूक वाकिफ. तिकीट दोन रियाल. चालकाविना गाडी चालते हे कळल्यावर आप्पा पहिल्या डब्यात अगदी पुढे जाऊन बसले आणि शेवटपर्यंत बोगद्यावर लक्ष ठेवून होते.

सूक वाकिफ हा दोहाचा जुना बाजार. मातीच्या रंगाच्या भिंती, लाकडी तुळया, आत गल्ल्यांमागून गल्ल्या. सकाळीच जा. दुपारी बाराएकनंतर दुकानं बंद होतात ती चारच्या सुमारास उघडतात, हे मी पहिल्या वर्षी उन्हात उभं राहून शिकलेय. मसाल्यांच्या गल्लीत वाळलेली लिंबं, गुलाबकळ्या, पोत्यांतून दालचिनी. ढकलगाड्या घेतलेले म्हातारे हमाल तुमची खरेदी गाडीपर्यंत पोचवतात. आप्पांनी एकाला थांबवून, हातवारे करून त्याचं वय विचारलं. तो त्यांच्याहून चार वर्षांनी मोठा निघाला. मग आप्पांनी भोपळ्याची पिशवी त्याच्या हातात दिली नाही, स्वतःच उचलली.

केशराच्या दुकानात खरा रंग भरला.

"इराणी है, अंकल. एक नंबर."

"एक नंबर सब बोलते हैं," आप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. "पानी लाव."

दुकानदाराने मुकाट्याने वाटीत पाणी आणलं. आप्पांनी दोन काड्या टाकल्या आणि घड्याळाकडे बघत उभे राहिले. लगेच रंग सुटला तर नकली, हळूहळू सुटला तर असली. पाच मिनिटं पूर्ण दुकान थांबलं. एक कतरी गृहस्थ, पांढऱ्याशुभ्र पायघोळ थोबमधले, अत्तर घ्यायला आलेले, तेही वाटीत डोकावून बघायला लागले.

"असली है," आप्पांनी निकाल दिला.

"शुक्रन, अंकल," दुकानदाराने कपाळावरचा घाम पुसला आणि दोन ग्रॅमवर एक चिमूट जास्त घातली. दोन ग्रॅमचे तीस रियाल पडले.

नंतर एका बाईने तव्यावर पसरलेला पातळ, कुरकुरीत रगाग खाल्ला. आत चीज आणि मध. आप्पांनी "मांड्याचा धाकटा भाऊ" म्हणून त्याला पास केलं. वर करक, म्हणजे इथला कडक, गोड, वेलचीचा चहा. मग कॉर्निशवर जाऊन अर्धा तास समुद्राकडे बघत बसलो. लाकडी होड्या डुलत होत्या, पलीकडे काचेच्या इमारती.

"सूनबाई, ती तुझी मैत्रीण गेल्यावर तुझं कसं होणार गं?" आप्पांनी होड्यांकडे बघतच विचारलं.

"काय व्हायचंय? व्हॉट्सअ‍ॅप आहे की."

ते होड्या मोजत राहिले. मला मात्र उगाच राग आला, आणि तो राग त्यांच्यावर नव्हता.

घरी येऊन मी तालीम घेतली. कुसकुसचं पाकीट फोडलं, कढईत तूप टाकलं आणि हात आपोआप मोहरीकडे गेला. मोहरी तडतडली, कढीपत्ता पडला, दाणे खमंग भाजले, वर आधणाचं पाणी, झाकण. वीस वर्षांची सवय आहे, मी तरी काय करू.

इराने एक घास घेतला. "आई, सॉरी, बट धिस इज उपमा."

उत्तम उपमा होता. आम्ही सगळा संपवला.

शुक्रवार: उपरण्याची आहुती

सकाळी फोडणीचा मोह आवरून मी दुसरं पाकीट फोडलं आणि दाण्यांवर नुसतं उकळतं पाणी ओतून झाकून ठेवलं. दहा मिनिटांनी उघडलं तर एकच गोळा. त्यात खोचलेला डाव उभा राहत होता. साडेदहा वाजले होते, नमाजानंतर दीडला पाहुणे येणार होते, आणि घरात शेवटचं एक पाकीट होतं.

"निदान केशर तरी तयार असू दे," म्हणून मी ओरडले, "आप्पा, ते केशर भिजवलंत का?"

"केव्हाच! हे घे."

त्यांनी माझ्यासमोर पातेली ठेवली. अर्धा लिटर गरम दूध, त्यात साखर, वेलची, आणि सगळंच्या सगळं दोन ग्रॅम केशर. रंग असा की डोळ्याचं पारणं फिटावं.

"आप्पा, भाजीच्या रश्शात घालायचं होतं हो ते!"

"भाजीत? केशर?" आप्पा इतके दुखावले की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. "अगं, केशर दुधात भिजवतात. मिठात कोण घालतं?"

चूक माझीच. आपल्या घरात 'केशर भिजव' म्हटलं की कुणीही दूध आणि साखरच घेणार. मला हसू येईना आणि रडूही येईना. चार वर्षं तिने आमच्यासाठी वेगळं पातेलं लावलं आणि मला एक दिवस जमत नव्हतं, याची खरोखर लाज वाटत होती.

तेवढ्यात बेल वाजली. दारात नैमा आणि तिच्यामागे लल्ला ज़ोहरा. बुटक्या, गोल, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल.

"आईला रिकामं बसवत नाही," नैमा म्हणाली. "मदत करते म्हणते. यल्ला, चल, आत तर घे!"

लपवायला जागाच नव्हती. लल्लांनी गोळ्याकडे पाहिलं, दुधाच्या पातेलीकडे पाहिलं, कचऱ्यातल्या रिकाम्या पाकिटांकडे पाहिलं. मग बाह्या वर सारल्या आणि अरबीत काहीतरी विचारलं.

"वाफ कशावर देणार, विचारतेय," नैमा म्हणाली. "कुसकुस शिजवत नाहीत गं. वाफवतात. तीनदा."

वाफ? मी स्टूल ओढलं आणि सगळ्यात वरच्या फळीवरून मोदकपात्र काढलं. वर्षातून एकदा गणपतीत खाली येणारं. लल्लांनी त्याची जाळी उचलून उजेडाकडे धरली, भोकांतून माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदा हसल्या. फक्त भोकं जरा मोठी होती, खाली मऊ कापड हवं होतं. मी आप्पांकडे पाहिलं.

"नाही," आप्पा म्हणाले. "ते उपरणं नवं आहे."

पाच मिनिटांत उपरणं उकळत्या पाण्यातून निघून जाळीवर पसरलेलं होतं.

मग जे पाहिलं ते लिहून ठेवते, कारण ते पाकिटावर छापलेलं नसतं. कोरडे दाणे परातीत घ्यायचे. त्यावर जरासं तेल आणि पाण्याचा हबका मारून तळव्यांत हलकेच चोळायचे, दाणा दाण्याला चिकटता कामा नये. खाली रस्सा उकळत असतो: कांदा, आलं, मिरी, हळद, छोले, मग गाजर, सलगम, कोबी, शेवटी भोपळा. त्याच रश्शाच्या वाफेवर दाणे ठेवायचे. सांध्यातून वाफ निसटू नये म्हणून कणकेची पट्टी लावायची. वरून वाफ आली की दाणे परातीत काढायचे, मिठाच्या पाण्याचा हबका, पुन्हा चोळायचे, पुन्हा वाफ. असं तीनदा. शेवटी त्या लोणी चोळतात. मी साजूक तूप पुढे केलं. लल्लांनी वास घेतला आणि अख्खा डाव घातला.

"घाई नाही," नैमा आईचं बोलणं सांगत होती. "हाताला कळतं."

पोळणाऱ्या दाण्यांत आम्हा तिघींचे हात होते. नैमा मध्येच थांबली आणि म्हणाली, "हे मी तुला आधीच शिकवायला हवं होतं. मला वाटायचं, मी इथे आहेच."

मी दाणे चोळत राहिले, कारण वर बघितलं असतं तर डोळे दिसले असते.

राहिलं केशर. मी आप्पांच्या दुधाची कहाणी सांगितली. नैमाने भाषांतर केलं आणि लल्ला इतक्या हसल्या की रुमाल सुटला. त्यांनी पर्समधून बोटाएवढी डबी काढली. आत मोरोक्कोच्या डोंगरातलं केशर.

"तुझ्यासाठीच आणलंय. निघताना देणार होती," नैमा म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या केशरावर तिचा विश्वास नाही."

आप्पा खुर्चीतून उठून आले. पाण्याची वाटी मागतात की काय म्हणून मी डोळे वटारले. त्यांनी नुसता वास घेतला. "असली आहे," म्हणाले, आणि ते भाजीत पडताना दुसरीकडे तोंड फिरवलं.

दीड वाजता, गेल्या शुक्रवारपासून आमच्याकडेच असलेल्या निळ्या ताटात डोंगर उभा राहिला आणि सगळे त्याच्याभोवती बसले. इथे माझा जीव पुन्हा टांगणीला लागला. हे लोक एकाच ताटातून खातात, ज्याने त्याने आपल्या समोरच्या बाजूने. आणि आप्पा उष्ट्याच्या बाबतीत असे की सख्ख्या मुलाच्या पेल्यातलं पाणी पीत नाहीत. मी त्यांच्यासाठी हळूच वेगळी ताटली आणली. तेवढ्यात लल्लांनी भोपळ्याची सगळ्यात मोठी फोड स्वतःच्या बाजूने उचलून त्यांच्यासमोर सरकवली.

आप्पांनी फोडीकडे पाहिलं. लल्लांकडे पाहिलं. सगळं जेवण थांबलं होतं.

"ताटली ने ती," आप्पा मला म्हणाले आणि हात पुढे केला.

शेवटी लल्लांनी बाजूला ठेवलेले साधे दाणे वाटीत घेतले, वर दालचिनी, बदाम, पिठीसाखर भुरभुरवली आणि आप्पांचं केशरदूध ओतलं. मोरोक्कोत कुसकुसचा गोड प्रकारही असतो म्हणे. आप्पांनी तीन वाट्या खाल्ल्या. दर वाटीला, "बघ, मी सांगत होतो," हे मला ऐकावं लागलं.

रविवार, आणि त्यानंतर

रविवारी सकाळी मी निळं ताट घेऊन गेले, त्यात बेसनाच्या लाडवांचा डबा ठेवून. नैमाने ताट घेतलंच नाही. बॅगांचं वजन आधीच काठावर होतं. लल्लांनी लाडवांचा डबा तेवढा मागितला, स्टीलचा, माझ्या माहेरचं नाव कोरलेला, आणि तो मांडीवर घेऊनच त्या गाडीत बसल्या.

"डबा परत येईल, इन्शाल्ला," नैमा म्हणाली. आम्ही दोघी रस्त्यात उभ्या राहून मनसोक्त रडलो. गाडीवाला बिचारा दोनदा घड्याळ बघून गप्प बसला.

पुढच्या शुक्रवारी मी पुन्हा मोदकपात्र काढलं. पिवळं पडलेलं उपरणं आता त्याच कामाचं झालंय. तीनदा वाफ दिली आणि दाणे मोकळे झाले. आनंदाच्या भरात निळं ताट भरलं, वर झाकण ठेवलं, चपला घातल्या आणि शेजारच्या दाराशी गेले. बेलकडे हात नेला तेव्हा खिडकीला पडदे नाहीत हे दिसलं. तशीच परत फिरले. ताट जड होतं, आणि आपण किती एकट्या पडलोय ते मला तेव्हा कळलं.

आप्पा फाटकात उभे होते. "का आणलंस परत?"

"कुणाला देऊ?"

"दार काय एकच आहे का? ते बघ समोरचं."

"आप्पा, हे नैमाचं ताट आहे. असं कुणालाही कसं देऊ?"

"ताट फडताळात ठेवायला दिलंय का तिने तुला?"

समोर एक फिलिपिनो नर्स राहते. तीन वर्षांत आम्ही एकमेकींना फक्त मान हलवली होती. मी बेल वाजवली. ती युनिफॉर्ममध्येच होती, ड्यूटीवरून नुकतीच आलेली. तिने झाकण उचललं आणि वाफ चेहऱ्यावर येऊ दिली. "फॉर मी?" तिने दोनदा विचारलं.

ताट गेलं. शनिवारी आलं नाही, रविवारी आलं नाही. मी आप्पांशी धड बोलत नव्हते. आप्पा मात्र दर तासाला खिडकीशी जाऊन यायचे, हवा बघायला म्हणून.

मंगळवारी संध्याकाळी बेल वाजली. आप्पा माझ्याआधी दाराशी पोचले. नर्स दोन्ही हातांत निळं ताट धरून उभी होती. चार दिवस डबल ड्यूटी लागली होती म्हणाली, आणि रिकामं कसं परत करायचं, म्हणून उशीर झाला.

ताटात तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र वाफवलेल्या वड्या होत्या, अजून गरम.