जिनच्या बाटलीतली आमची साल

काम जितकं कंटाळवाणं, तितके किस्से जास्त. हात गुंतलेले आणि तोंड मोकळं, मंग दुसरं काय साठणार?

जालन्याबाहेर, घनसावंगीकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं पत्र्याचं शेड आहे. मी तिथला सुपरवायझर. वीसेक बाया दिवसभर मोसंबी सोलतात. फक्त वरची पातळ साल काढायची, आतलं पांढरं येऊ द्यायचं न्हाई, सावलीत वाळवायची, खोक्यात भरायची. खोकी जातात पार समुद्रातल्या एका बेटावर. तिथल्या छोट्या डिस्टिलरीत जिन बनते, महागाची दारू. तिला जो वास येतो ना, तो आमच्या सालीचा!

*

पहिल्या वर्षी बाटलीचा फोटो मोबाईलवर आला. लेबलवर छापलेलं, 'बेटावरच्या उन्हात पिकलेल्या फळांची साल'. मी मोठ्यानं वाचून दाखवलं.

कौसाबाई आमची सगळ्यात जुनी सोलणारी. मान वर न करता म्हणली, "ऊन बी त्यांचंच का? मंग आम्ही काळ्या कशानं झालो?"

*

एकदा डिस्टिलरीच्या क्वालिटीवाल्या मॅडमचा फोन आल्ता. "या लॉटमध्ये समुद्राचा फील येत नाहीये."

मी म्हणलो, "मॅडम, जालन्यात समुद्र न्हाई. टँकर येतो, तो बी आठ दिवसांनी!"

मॅडमनी आवाज खाली आणला. मंग म्हणाल्या, "हे कस्टमरसमोर बोलू नका, प्लीज."

*

मंग त्यांची शूटिंगवाली टीम आली. भिंतीवर मासे धरायचं जाळं टांगलं. बायांना कोळणींसारखी लुगडी नेसवली. कौसाबाई लाजेनं अर्धी होऊन राह्यली होती, पण परतूरच्या लेकीला तिनं फोन करून ठेवला, "मोबाईलात दिसणार हाय मी!"

व्हिडिओ आला. त्यात नुसते हात! एकीचं बी तोंड न्हाई. मी विचारलं, तर कॅमेरावाला म्हणला, "सर, चेहरे कोस्टल वाटत नव्हते."

दुपारी लेकीचा फोन. "आई, यातली तू कोणती?"

"ती अंगठा कापलेली," कौसाबाई म्हणली, "ती मी."

*

एका वर्षी पावसानं पाठच फिरवली. बापूराव आमचे सगळ्यात मोठे बागवाले. वीस वर्षं पोसलेली झाडं त्यांनी जेसीबी लावून उपटली. जी थोडी राह्यली, त्यांना लिंबाएवढी फळं. साल अशी कडू, की सोलणाऱ्या बायांच्या भाकरीला बी कडू चव लागायची. मी भीतभीतच माल पाठवला.

सहा महिन्यांनी मेल आला : 'या वेळचा कडवटपणा ग्राहकांना अतिशय आवडला. पुढच्या वर्षीही असाच ठेवावा!'

बापूरावांना वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा वाचायला लावला. मंग उघड्या पडलेल्या बागेकडं बघत म्हणले, "कळव त्यांना. होईल म्हणावं सोय."

*

आणि हलीमाआपा. जुन्या जालन्याची, नमाजी बाई. नवरा लकव्यानं अंथरुणावर. कामाला लागली त्या दिवशीच तिनं विचारलं, "भाऊ, ये छिलके का क्या बनता?"

शेडवर हात कमी होते. मी बोललो, "इत्तर बनता, आपा."

दोन वर्षं तिनं मन लावून साल काढली. तिच्यासारखी पातळ साल कुणाचीच न्हाई. काम संपलं की बोटं नाकाशी न्यायची आणि खुशीनं हसायची. ईदला माझ्यासाठी शीरखुर्म्याचा डबा बराबर यायचा.

मंग एकदा मालक आले. सगळ्यांसमोर टेबलावर बाटली ठेवली आणि म्हणाले, "बघा, तुमच्या हातांनी बनलेली दारू!" बायांनी टाळ्या वाजवल्या.

आपानं माझ्याकडं पाहिलं. उठून नळावर गेली आणि हात धूत बसली. साबणाची वडी झिजली, तरी धूतच होती.

दुसऱ्या दिवशी आपली जागेवर हजर! दुसरं काम होतं कुठं?

त्या ईदला डबा येईल असं वाटलं नव्हतं. आला. मी झाकणाला हात लावायला धजेना. आपाला ते दिसलं.

"खा लो भाऊ," ती हळूच म्हणाली. "मेरी कमाई का नई है. मायके से लाई."